वॉर्ड चांगला, ‘ओव्हर’ कच्चा

फोंड्यातल्या एका खासगी इस्पितळाबद्दल लिहितेय. ह्यांना न्यूमोनिया झाला म्हणून गेल्या महिन्यात पाच दिवस तिथं होतो. डॉक्टर हुशार, खोली स्वच्छ, सकाळची पेज गरम. तरी पाचापैकी तीनच तारे देतेय, ते पहिल्या रात्रीमुळे.

मी स्वतः 31 वर्षं सरकारी इस्पितळात स्टाफ नर्स होते. पाळी बदलताना एक सिस्टर दुसरीच्या हाती रुग्ण सोपवते, त्याला आम्ही ‘ओव्हर देणं’ म्हणतो. ह्यांना कॅज्युअल्टीतून वॉर्डात आणलं ते नेमकं रात्री आठला, म्हणजे एक पाळी उठते आणि दुसरी बसते त्या गडबडीत. खाली पावणेआठला साखर 280 भरली म्हणून 10 युनिट इन्सुलिन टोचलं होतं. त्याची नोंद कॅज्युअल्टीच्या कागदाच्या पाठीमागे. वॉर्डात नवा चार्ट उघडला, त्यात ती उतरलीच नाही. सव्वाआठला रात्रीची सिस्टर सिरिंज भरून आली.

“सिस्टर, थांबा. आत्ताच दिलंय,” मी म्हटलं.

ह्यांच्या पोटात तोवर पेजेचा घोटसुद्धा गेला नव्हता; त्यात दुसऱ्यांदा इन्सुलिन गेलं असतं तर साखर एकदम खाली आली असती. मी चहाला खाली गेले असते तर? अजून झोपेतून दचकून उठते.

त्या मुलीचं मात्र मनापासून कौतुक. वाद घातला नाही. सिरिंज ट्रेमध्ये ठेवली, खाली फोन लावला, कागद उलटून पाहिला आणि म्हणाली, “मावशी, बरं झालं बोललात.” बावीस रुग्णांमागे ती एकटी होती. चूक तिची नव्हेच. तिला कोणी धड ओव्हर दिलाच नव्हता.

जागतिक आरोग्य संघटनेने 2007 मध्येच सांगून ठेवलंय: रुग्ण सोपवताना प्रश्न विचारायला वेळ द्या, आणि घेणाऱ्याने ऐकलेलं परत म्हणून दाखवावं. ह्याला ना यंत्र लागतं, ना पैसा. खाटेपाशी दोन मिनिटं उभं राहायचं.

सकाळी मेट्रनना हे सगळं सांगितलं. त्यांनी वहीत लिहून घेतलं. तिसऱ्या दिवसापासून दोन्ही सिस्टर चार्ट घेऊन ह्यांच्या पायथ्याशी उभ्या राहायच्या. येणारी विचारायची, “शेवटचं इन्सुलिन किती वाजता?” आणि जाणारी सिस्टर वेळ सांगायची, मग येणारी ती वेळ पुन्हा मोठ्याने म्हणायची. घरी सोडताना दिलेल्या कागदावरही शेवटच्या अँटिबायोटिकची वेळ होती: सकाळी 6.10.