हाताने फिरवायचा रिंग कटर: द्राक्षाच्या एका हंगामानंतर

बोटात रुतलेली अंगठी कापायचा हा कटर सोन्या-चांदीसाठी घ्या. लोखंडी अंगठीसाठी घेऊ नका. आणि अंगठीखाली सरकवायच्या पट्टीची जाडी बघितल्याशिवाय तर मुळीच घेऊ नका.

आमचं पॅकहाऊस पिंपळगाव बसवंतच्या बाजूला. माल एक्सपोर्टचा, त्यामुळे पॅकिंगला बसणाऱ्या कुणाच्याही बोटात अंगठी चालत नाही. बायकांच्या बोटात मात्र लग्नातली अंगठी वर्षानुवर्षं रुतलेली असते. म्हणून प्रथमोपचाराच्या पेटीत हा कटर आणून ठेवला.

कापायला तो चांगलाच आहे. चावी फिरवत राहिलं की छोटी दातेरी चकती चांदी पटकन चिरते, सोनंही. खड्याच्या विरुद्ध बाजूला, तळहाताकडे, एकच काप घ्यायचा आणि दोन पकडींनी टोकं फाकवायची. सराफ बाजारात असा एक काप सहज जोडून मिळतो.

माझं भांडण त्या पट्टीशी आहे. चकतीपासून कातडी वाचवायला ती अंगठीखाली सरकवावी लागते, आणि बनवणाऱ्याने ती इतकी जाड ठेवली आहे की ढिल्या अंगठीखालीच जाते. ढिली अंगठी कापायची कशाला? एका मावशींच्या बोटाला बागेत गांधीलमाशी चावली, बोट टम्म सुजलं. पट्टी टोकसुद्धा आत घालेना. मावशी म्हणत होत्या, "ताई, कापू नका हो, आईने घातलेली आहे."

तेव्हा कटर बाजूला ठेवला. हात डोक्याच्या वर धरायला लावला, मध्येमध्ये बोट थंड पाण्यात, मग साबण. नंतर जाड गुळगुळीत दोऱ्याचं एक टोक चिमट्याने अंगठीखालून तळहाताकडे काढलं. उरलेला दोरा अंगठीला लागून नखाच्या दिशेने घट्ट गुंडाळत नेला, वेढ्याला वेढा चिकटून, सांध्याच्या पुढेपर्यंत. मग तळहाताकडचं टोक नखाकडे ओढत उलगडत गेले, तशी अंगठी वेढ्यांवरून पुढे सरकत आली. अख्खी निघाली. मावशींना दुखलं, पण अंगठी शाबूत राहिली.

त्यानंतर माझं मत बदललं. आधी दोरा, कटर शेवटी. सूज थोडी उतरली की ती जाड पट्टीही कशीबशी आत जाते, हे कटरच्या बाजूने सांगायला हवं. बोटाला जखम असेल किंवा हाड मोडल्याची शंका असेल तर मात्र दोरा गुंडाळू नये. बोट निळं किंवा पांढरं पडलं, बधिर झालं, तर घरी काहीच करत न बसता थेट दवाखाना गाठावा.

हंगाम संपता संपता एका ड्रायव्हरच्या घोड्याच्या नालेच्या अंगठीवर चकतीचे दात गेले. डब्यावर छापलंय 'सर्व धातूंसाठी'. टायटॅनियमला साधी चकती फार वेळ घेते, शिवाय धातू तापतो म्हणून पाणी सोडत राहावं लागतं. टंगस्टन तर अशा चकतीने कापलंच जात नाही, पकडीत हळूहळू आवळून तडकवतात. मग 'सर्व' कुठून आले? ड्रायव्हरची अंगठी शेवटी दवाखान्यात विजेच्या कटरने निघाली. दुकानदार म्हणतो सुटी चकती येत नाही, नवा कटरच घ्या. चकतीएवढ्या तुकड्यासाठी अख्खं यंत्र टाकायचं, हे मला पटत नाही.

पुढच्या हंगामाआधी दुसरा बघणार आहे. दुकानातच माझ्या बोटातल्या घट्ट अंगठीखाली पट्टी घालून पाहीन, आणि सुटी चकती मिळत नसेल तर पैसे देणार नाही.