म्हाताऱ्या मांजरीच्या जटा आणि घरी आलेले ‘डॉक्टर’

ज्यांच्या घरी वयस्कर, लांब केसांचे मांजर आहे आणि त्याच्या अंगावरच्या जटा कशा काढाव्यात या विवंचनेत जे घरपोच ग्रूमिंगच्या जाहिराती पाहत आहेत, त्यांच्यासाठी हा अनुभव सविस्तर लिहीत आहे. आमचे पैसे गेलेच, पण खरे भोगावे लागले ते आमच्या मांजरीला.

मनी १४ वर्षांची पर्शियन मांजर आहे. गेल्या पावसाळ्यापासून तिच्या कमरेवर, काखेत आणि मागच्या मांड्यांच्या आतल्या बाजूला केस गुंतून घट्ट गठ्ठे झाले होते आणि कंगवा नुसता दाखवला तरी ती गुरगुरत उठून जात असे. पुण्यातल्या एका घरपोच सेवेच्या जाहिरातीत ‘ज्येष्ठ मांजरांसाठी पशुवैद्यकीय देखरेखीखाली ग्रूमिंग, फक्त १,२०० रुपये’ असे लिहिले होते आणि फोनवरही ‘डॉक्टर स्वतः येतील’ असे ठामपणे सांगण्यात आले.

आलेल्या गृहस्थांनी पांढरा कोट घातला होता. त्यांनी मनीचे वजन केले नाही, तिच्या छातीला स्टेथोस्कोप लावला नाही, ती किती खाते-पिते हेही विचारले नाही. खोलीतला दिवा मालवून त्यांनी एक जांभळ्या उजेडाची टॉर्च तिच्या पाठीवर धरली आणि केसांत चमकणारे ठिपके आईला दाखवत म्हणाले, “काकू, हे साधे मॅटिंग (केसांच्या जटा) नाही, हा गजकर्ण आहे. घरात लहान मूल असेल तर आजच्या आज साफ करून घ्या, उद्यावर टाकू नका.” माझी मुलगी तेव्हा समोरच बसलेली होती. त्या एका वाक्यानंतर पुढचे सगळे जादा पैसे आमच्या गळ्यात मारणे त्यांना सोपे गेले.

त्या टॉर्चविषयी नंतर आमच्या पशुवैद्यांनी जे समजावले ते प्रत्येक मांजरवाल्याने जाणून घ्यावे असे आहे. मांजरांमध्ये गजकर्ण करणाऱ्या एका विशिष्ट बुरशीचे काही प्रकार तशा उजेडात हिरवट चमकतात हे खरे आहे. पण कोंडा, धूळ, लावलेले मलमही चमकू शकते, त्यामुळे केसांचा नमुना तपासल्याशिवाय निदान पक्के होत नाही. शिवाय गजकर्णात सहसा केस तुटतात, गोल चट्टे पडतात, खपल्या दिसतात. नुसत्या जटा म्हणजे गजकर्ण नव्हे. मनीच्या नमुन्यात बुरशी निघाली नाही.

त्या दिवशी मात्र ‘औषधी स्नान’ म्हणून त्यांनी तिला आधी भिजवले. हे तर सर्वांत चुकीचे होते, कारण लोकरीचा स्वेटर धुतल्यावर आकसावा तशा जटा पाण्याने अधिकच आवळतात आणि खालची कातडी वर ओढून धरतात. मग ती ओरडू लागली, तेव्हा त्यांनी बॅगेतून आधीच भरलेली सिरिंज काढली आणि ‘शांत करण्याचे इंजेक्शन’ म्हणून टोचली. औषधाचे नाव विचारल्यावर “कंपनीचे असते” एवढेच उत्तर मिळाले. पुढे त्यांनी कात्री चालवली. मांजराची कातडी पातळ आणि सैल असते. जट ओढली की ती तंबूसारखी उचलली जाते आणि केस कुठे संपले, कातडी कुठे सुरू झाली हे डोळ्यांना कळत नाही. काखेत कापले गेले, ओल्या केसांवर रक्त पसरले, आणि ते गृहस्थ “वरवरचे आहे, हळद लावा” असे म्हणत हिशेब मांडू लागले. मूळ १,२०० रुपये, स्नानाचे १,५००, इंजेक्शनचे १,०००, आणि प्रत्येक जटेचे १५० रुपये धरून ३,६०० असे एकूण ७,३०० रुपये. जटेमागे वेगळे पैसे पडतात हे तोपर्यंत कोणीही सांगितले नव्हते. रक्कमही त्यांनी सेवेच्या खात्यावर न घेता स्वतःच्या क्यूआर कोडवर घेतली आणि पावती दिली नाही.

संध्याकाळपर्यंत मनी मान टाकून पडली होती आणि तिचे पंजे गार लागत होते. दवाखान्यात तिला ऊब देऊन सलाईन लावावे लागले, काखेत टाके घालावे लागले. रक्ततपासणीत क्रिएटिनिन वाढलेले निघाले, म्हणजे मूत्रपिंडे आधीच थकलेली होती. अशा मांजराला तपासणीशिवाय गुंगीचे औषध देणे जिवावर बेतू शकते. एक्स-रेत कमरेचा संधिवात दिसला. पाठ वळवताना दुखते म्हणून ती कमरेपाशी चाटत नव्हती, आणि म्हणूनच तिथे जटा झाल्या होत्या. म्हाताऱ्या मांजराच्या जटांमागे संधिवात, दातांचे दुखणे, लठ्ठपणा, थायरॉईड किंवा मूत्रपिंडाचा आजार असू शकतो. गजकर्णाची भीती घालणाऱ्या माणसाला त्याच्याशी काहीच देणेघेणे नव्हते.

ती सावरल्यावर उरलेल्या जटा पशुवैद्यांनी कोरड्याच काढल्या: कातडी ताणून, बारीक दातांचे क्लिपर (केस कापायचे यंत्र) तिच्यावर सपाट टेकवून, पाते तापले का हे मधूनमधून स्वतःच्या मनगटावर पाहत. आता घरी छोटी गाठ दिसली की आम्ही तिच्यावर थोडे कॉर्नफ्लोअर चोळतो, गाठ आणि कातडी यांच्यामध्ये केस चिमटीत घट्ट धरतो आणि टोकाकडून थोडे थोडे विंचरतो. कात्री वापरत नाही.

सेवेकडे तक्रार केल्यावर त्यांनी केवळ १,२०० रुपये परत केले आणि बाकीचा व्यवहार ‘तुमच्या आणि ग्रूमरच्या मधला’ असल्याचे कळवले. ‘डॉक्टर’ हा शब्द त्यांच्याच जाहिरातीत होता, त्यामुळे हे उत्तर मला मान्य नाही. भारतीय पशुवैद्यकीय परिषद कायदा, १९८४ नुसार पशुवैद्यकीय व्यवसाय नोंदणीकृत पशुवैद्यकालाच करता येतो आणि प्रत्येकाला नोंदणी क्रमांक असतो. घरी येणारा माणूस स्वतःला डॉक्टर म्हणवत असेल तर त्याने मांजराला हात लावण्यापूर्वी तो क्रमांक मागावा आणि नागपूरच्या महाराष्ट्र राज्य पशुवैद्यक परिषदेकडे पडताळून घ्यावा. आम्ही मागितलेला क्रमांक आजतागायत मिळालेला नाही. जाहिरातीचा स्क्रीनशॉट, पैसे भरल्याची नोंद, जखमेचे फोटो आणि दवाखान्याचे कागद जोडून आम्ही परिषदेला लेखी कळवले आहे आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवली आहे. कोणाला असाच अनुभव आला असेल तर ग्राहक आयोगाकडे जाण्याची मुदत घटनेपासून दोन वर्षांची असते, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहारासाठी तिथे शुल्क पडत नाही.