फिटर ट्रेडची दोन वर्षे: एका शासकीय आयटीआयचा अनुभव

माझ्या धाकट्या मुलाने दहावीनंतर जालना जिल्ह्यातील एका शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत फिटर ट्रेडला (यंत्रांचे सुटे भाग घडवून जोडण्याच्या अभ्यासक्रमाला) प्रवेश घेतला आणि यंदा तो दोन वर्षांचा अभ्यासक्रम पूर्ण करून बाहेर पडला. अकरावी सायन्स आणि पुढे इंजिनिअरिंग, ही आमच्या नात्यातल्या मुलांची ठरलेली वाट असल्याने या निर्णयावर घरात बरीच कुरकूर झाली होती. दोन वर्षे जवळून पाहिल्यावर जे चांगले वाटले आणि जे खटकले, ते इतर पालकांसाठी लिहीत आहे.

सर्वांत जमेची बाजू म्हणजे हाताला लावलेली शिस्त. पहिले काही महिने मुलगा रोज एकच गोष्ट सांगे: शेगड्यात, म्हणजे टेबलाला बसवलेल्या पकडीत (व्हाइसमध्ये), लोखंडी पट्टी पकडायची आणि कानशीने घासून तिच्या कडा काटकोनात आणायच्या. मला हा वेळेचा अपव्यय वाटला, म्हणून पालकसभेच्या दिवशी मी थेट कार्यशाळेत जाऊन उभा राहिलो. तिथे निदेशक (काम शिकवणारे प्रशिक्षक) एका मुलाच्या मागे उभे राहून सांगत होते, "कानस पुढं जाताना दाब, मागं येताना नुसती सरकव, मागं दाबलीस तर दातं जातील, कडाही गोल होईल." मग त्यांनी तो जॉब, म्हणजे घासायला दिलेली पट्टी, उजेडाकडे धरून तिला गुण्या (काटकोन तपासण्याचे साधन) लावला. पट्टी आणि गुण्या यांच्यामधून केसाएवढी उजेडाची रेघ दिसत होती. तेवढ्यासाठी जॉब परत गेला. व्हर्नियर कॅलिपरवर 0.02 मिलिमीटरपर्यंतचे माप वाचायला मुलगा तिथेच शिकला, आणि वर्षअखेरीस त्याने केलेला, एकात एक बसणारा मेल-फिमेल जॉब आज आमच्या शोकेसमध्ये क्रिकेटच्या ढालीशेजारी ठेवलेला आहे. शासकीय शुल्क इतके कमी होते की एसटीचा पास, गणवेश आणि डबा हाच काय तो खरा खर्च झाला.

यंत्रांच्या बाबतीत मात्र निराशा झाली. चार लेथपैकी (धातूचा तुकडा फिरवत कापणाऱ्या यंत्रांपैकी) दोनच चालू असत, त्यामुळे वीस मुलांच्या तुकडीत प्रत्येकाच्या वाट्याला लेथ फार थोडा वेळ येई. फिटरच्या दुसऱ्या वर्षात न्यूमॅटिक्स (हवेच्या दाबावर चालणारी यंत्रणा) आणि हायड्रॉलिक्स (तेलाच्या दाबावर चालणारी यंत्रणा) हे भाग आहेत. त्यांचा प्रशिक्षण संच संस्थेत आलेला होता, पण कॉम्प्रेसरची जोडणी झालेली नसल्याने तो बहुतेक काळ प्लास्टिकच्या आवरणातच राहिला. मुलांनी सिलिंडर आणि व्हॉल्व्ह यांच्या आकृत्या वहीत सुबक काढल्या, पण हवेच्या दाबाने दांडा पुढे सरकताना काही पाहिला नाही. त्यातच दुसऱ्या वर्षी निदेशकांचे एक पद काही महिने रिक्त होते आणि वर्कशॉप कॅल्क्युलेशनचे तास घेणाऱ्या शिक्षकांवर दोन ट्रेडचा भार पडला. चांगला शिकवणारा माणूस असला तरी त्याच्या हाताशी चालू यंत्र नसेल, तर तो तरी काय करणार?

याचा परिणाम पुढे दिसला. 1961 च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याखाली मुलाला वाळूज औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात विद्यावेतनावर जागा मिळाली आहे. फाइलिंग, ड्रिलिंग आणि मापन यांत त्याला कोणी काही सांगावे लागत नाही, पण न्यूमॅटिक लाइनवर पहिले तीन आठवडे तो इतरांच्या मागे नुसता उभा होता. ही जागाही त्याने स्वतः पोर्टलवर अर्ज करून मिळवली. संस्थेच्या प्लेसमेंट कक्षाकडून एका भरती मेळाव्याची सूचना तेवढी आली, तीही मेळाव्याच्या आदल्या संध्याकाळी.

तरीही मी हा ट्रेड सुचवतो. शिकाऊ उमेदवारी संपल्यावर नोकरी धरता येते, किंवा दोन वर्षांच्या आयटीआयच्या आधारे पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला अर्ज करता येतो, आणि आमचा मुलगा आता त्याच विचारात आहे. पसंतीक्रम भरण्यापूर्वी पालकांनी कामाच्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास कार्यशाळेत एक फेरी मारावी, किती लेथ फिरत आहेत ते पाहावे आणि त्या ट्रेडचे निदेशक नियमित आहेत की तासिका तत्त्वावर, हे विचारून घ्यावे. या संस्थेला मी पाचपैकी साडेतीन गुण देतो. त्यातले तीन त्या कानशीवाल्या निदेशकांचे आहेत. नव्या तुकडीतील कोणी हे वाचत असेल, तर त्या न्यूमॅटिक्सच्या संचावरचे प्लास्टिक निघाले का, तेवढे कळवावे.