व्हेल्कचा दौत-सापळा: घ्यावा, पण भोकं मोजून

व्हेल्क, म्हणजे बुक्सिनम उंडाटम हा उत्तर अटलांटिकच्या थंड पाण्यातला मांसाहारी शंख. तो पकडायला ब्रिटनच्या किनाऱ्यावर सर्वांत जास्त वापरतात तो दौतीच्या आकाराचा प्लॅस्टिकचा सापळा. साधारण 20 ते 25 लिटरच्या कॅनचा वरचा भाग कापलेला, तळाशी काँक्रीट ओतलेलं, अंगाला पाणी निथळायची भोकं, आणि तोंडाशी आत लोंबणारा जाळीचा गळा. व्हेल्क बाहेरून भिंत चढून गळ्यातून आत पडतो. परत चढताना लोंबत्या जाळीच्या काठाशी अडतो आणि खाली घसरतो. स्वस्त, टिकाऊ आणि नेमका. तळ खरवडत जावं लागत नाही, त्यात इतर जीवही फारसे येत नाहीत. आले तर थोडे खेकडे.

खरेदीच्या वेळी पहिल्यांदा तळ पाहावा. काँक्रीट कमी किंवा एका बाजूला कलतं असेल, तर जोरदार भरतीच्या प्रवाहात सापळा आडवा होतो आणि आलेले व्हेल्क सहज निघून जातात. दुसरी तपासणी गळ्याची. जाळी काठाला झिजते, किंवा सापळा वर ओढताना उलटी होऊन बाहेर येते. तशीच परत टाकली तर चांगल्या जागीही सापळा रिकामा येतो आणि दोष चाऱ्याला दिला जातो. चारा म्हणून मुशी आणि तपकिरी खेकडा ही जोडी उत्तम. व्हेल्क नळीसारखा अवयव (सायफन) पुढे काढून पाण्यातला वास घेतो; ठेचलेल्या खेकड्याचा वास लवकर पसरतो, मुशीचं मांस जास्त वेळ टिकतं. एक-दोन दिवसांनी सापळे उचलावेत. त्यापुढे चारा संपलेला असतो.

इथवर तक्रारीला जागा नाही. अडचण आहे ती विक्रेते सापळ्यासोबत देतात त्या भोकांची. बरेच सापळे फक्त बारीक निथळभोकांसह मिळतात आणि त्यातून लहान व्हेल्क सुटत नाही. किमान दोन 24-25 मिमीची सुटका-भोकं हवीतच, तीही तळापासून बरीच वर. अगदी खाली केली तर वाळूत गाडली जातात. इंग्लंडच्या काही किनारी भागांत ती परवान्याच्या अटीतच आहेत.

हा आग्रह का, ते या प्राण्याच्या जन्मात आहे. मादी अंड्यांच्या कोशिका एकमेकींना चिकटवत दगडांवर पुंजके करते. एका कोशिकेत शेकडो अंडी असतात, पण बहुतेक पिल्लांच्या पोटात जातात. वाचलेली थोडी पिल्लं काही महिन्यांनी थेट रांगत बाहेर पडतात. पाण्यात तरंगणारी अळी-अवस्था नाहीच, त्यामुळे एका जागचा साठा उपसला की दुसरीकडून भरून येत नाही. डच वाडन समुद्रातून व्हेल्क 1990 च्या सुमारास नाहीसा झाला. अतिमासेमारी आणि बोटींच्या रंगातलं टीबीटी हे विषारी रसायन, दोन्हींनी त्याला मारलं. टीबीटीमुळे माद्यांना नराचे अवयव फुटतात.

त्यात प्रौढ होण्याचा आकार जागोजाग वेगळा: इंग्लंडभोवती सुमारे 45 पासून 78 मिमी लांबीपर्यंत. युरोपीय नियमातली पकडायच्या व्हेल्कची किमान 45 मिमी लांबीची मर्यादा म्हणूनच बऱ्याच ठिकाणी तोकडी आहे. वेल्सने 2019 च्या आदेशाने ती टप्प्याटप्प्याने 65 मिमीवर नेली आणि 2022 पासून परवाने व वार्षिक पकडीची मर्यादाही लावली. हे योग्यच झालं.

म्हणून सापळ्याच्या जोडीला चांगली चाळण घ्यायलाच हवी, आणि ती समांतर गजांची. कायदा लांबी मोजतो, पण गजांमधून व्हेल्क जातो तो रुंदीवर, आणि लांबी-रुंदीचं प्रमाण प्रत्येक भागात सारखं नसतं. गजांमधलं अंतर छापील आकड्यावरून ठरवू नये. आपल्या पाण्यातले 50 व्हेल्क चाळून वर राहिलेल्यांची लांबी कॅलिपरने मोजावी. मर्यादेखालचे निघाले तर अंतर वाढवावं. एका वेळी एकच सापळा ओतावा. ढिगाने ओतलं की लहान व्हेल्क मोठ्यांवर बसून राहतात. लहानांना त्याच जागी, लगेच पाण्यात सोडावं. डेकवर आपटून कवचाची कड तुटलेला व्हेल्क तारामाशाच्या हाती लागतो.

चाळणीवर लाल व्हेल्कही वेचून काढावा. त्याच्या कवचावर लाटेसारख्या उभ्या वळ्या नसतात, ते गुळगुळीत असतं. त्याच्या लाळग्रंथीत टेट्रामीन हे विष असतं.

सापळ्याला पाचपैकी चार गुण, भोकं नसलेल्याला दोन. एक गुण कापला तो हरवलेल्या सापळ्यासाठी. प्लॅस्टिक कुजत नाही आणि आत अडकलेले व्हेल्क तिथेच मरतात. गळा सुती दोऱ्याने बांधला की काही काळाने दोरा कुजून जाळी गळून पडते आणि तोंड मोकळं होतं. हा दोरा सहसा विक्रेता लावून देत नाही. आपणच बांधायचा आणि हंगामागणिक बदलायचा.