पांढऱ्याशुभ्र ‘वनौषधी’ मलमाची तपासणी

सोरायसिस हा त्वचारोग मला गेली १३ वर्षे आहे आणि कोपर, गुडघे व डोक्यावरच्या खपल्यांना मी एव्हाना सरावले आहे. तरीही लंडनमधील एका चिनी वनौषधींच्या दुकानात माझी जी फसवणूक झाली ती सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते, कारण तिची सुरुवात गुण येण्यापासून झाली.

१५ ग्रॅमच्या ट्यूबला १२ पौंड पडले. हे मलम शंभर टक्के वनस्पतींचे असून त्यात स्टेरॉइडचा अंशही नाही, असे विक्रेत्याने मी न विचारताच सांगितले. पाचव्या दिवशी खाज थांबली आणि दुसऱ्या आठवड्याअखेर कोपरावरचे चट्टे सपाट झाले. सोरायसिसवर वापरल्या जाणाऱ्या डांबराच्या मलमाने जे महिनोन्‌महिने साधले नव्हते ते पंधरवड्यात कसे साधले, हा प्रश्न मला तेव्हाच पडायला हवा होता. मुळ्या आणि साली उकळून केलेले म्हणवणारे मलम पांढरेशुभ्र होते आणि त्याला कापराचा वास तेवढा होता, हेही मला खटकले नाही. उलट दिवाळीला गावी जाताना मी सांगलीच्या आत्यासाठी दोन ट्यूब घेऊन गेले.

चार महिन्यांनी शेवटची ट्यूब संपली आणि दुकानातला साठाही संपलेला होता. दहाव्या दिवशी जुने चट्टे परतलेच, शिवाय पूर्वी कधीही नव्हते तेथे, पोटावर आणि मांड्यांवर, लालभडक आग होऊ लागली. त्वचारोगतज्ज्ञांनी चट्ट्यांआधी माझ्या कोपराची आतली बाजू निरखली. तेथली कातडी सिगारेटच्या कागदासारखी पातळ झाली होती, खालच्या बारीक शिरा दिसत होत्या आणि जांभळट वळ उमटले होते. “ट्यूब फेकली नाहीत ना?” एवढेच त्यांनी विचारले.

सुदैवाने पिळून चपटी झालेली ट्यूब खोक्यासह घरात होती. प्रयोगशाळेत तिच्यातील अवशेषाचे घटक क्रोमॅटोग्राफीने वेगळे करून शुद्ध नमुन्यांशी ताडून पाहिले, तेव्हा क्लोबेटासॉल प्रोपिओनेट निघाले. त्वचेवर लावण्याच्या स्टेरॉइडांमध्ये हे सर्वांत तीव्र गटातले असून सोरायसिसवर ते सलग ४ आठवड्यांपेक्षा अधिक लावू नये असा इथला दंडक आहे. मी ते १७ आठवडे दिवसातून दोनदा चोपडत होते. हा प्रकार नवाही नाही. लंडनमध्येच तपासलेल्या ११ चिनी वनौषधी मलमांपैकी ८ मध्ये डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड सापडल्याचे १९९९ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलने छापले होते.

खोक्यावरचा चिनी मजकूर कार्यालयातील एका सहकारी बाईंनी वाचून दाखवला आणि मला दुसरा धक्का बसला. त्यावरचा परवाना क्रमांक औषधाचा नव्हताच, तो जंतुनाशक उत्पादनाचा होता. चीनमध्ये औषधाची मान्यता राष्ट्रीय पातळीवर कठोर छाननीनंतर मिळते, तर जंतुनाशकाला प्रांताचा आरोग्य परवाना पुरतो, आणि अशा मालाला रोग बरा करण्याचा दावा करण्याची मुभा नसते. २०२१ च्या जानेवारीत चीनमध्ये एका तान्ह्या मुलाचा चेहरा सुजून मोठा झाल्याचे उघडकीस आले, तेव्हा त्याला लावलेल्या, फूच्येन प्रांतातील कंपनीच्या क्रीममध्येही क्लोबेटासॉलच सापडले होते आणि त्या क्रीमचा परवानाही जंतुनाशकाचाच होता.

दुकानदाराने पैसे परत देऊ केले. मी पावती मागताच देऊ केलेले पैसे त्याने मागे घेतले. औषध नियामकाच्या ‘यलो कार्ड’ योजनेत मी तक्रार नोंदवली आहे. बाहेरून आलेल्या स्टेरॉइडमुळे शरीराचे स्वतःचे कॉर्टिसॉल हे संप्रेरक घटले का, हे पाहण्यासाठी सकाळची रक्ततपासणी झाली. आता सौम्य स्टेरॉइडवर उतरत उतरत कॅल्सिपोट्रिऑल (ड जीवनसत्त्वासारखे, स्टेरॉइड नसलेले मलम) आणि आठवड्यातून तीनदा अतिनील किरण चालू आहेत. असे मलम एकाएकी बंद केले तर पुवाने भरलेल्या पुटकुळ्यांचा गंभीर सोरायसिस उद्भवू शकतो, म्हणून कोणाकडे ते असल्यास ट्यूब हातात घेऊनच डॉक्टरांकडे जावे.

प्रयोगशाळेचा निष्कर्ष कळला त्याच रात्री मी आत्याला फोन केला. “अगं, मला तर छान गुण आला,” ती म्हणाली, “म्हणून दुसरी ट्यूब शेजारच्या वहिनींना दिली. त्यांच्या नातवाच्या गालावर चट्टा आहे ना.” नातू तीन वर्षांचा आहे. दुसऱ्या दिवशी त्याला मिरजेला त्वचारोगतज्ज्ञांकडे नेले.