ट्रोपोनिन की एनटी-प्रोबीएनपी? कुत्र्याच्या हृदयाची कुठली तपासणी करावी

चिठ्ठीवर दोन्ही नावं आहेत आणि खिशाला एकच झेपतेय, तर आधी आठवा: कुत्रा अचानक ढासळला की हळूहळू?

ट्रोपोनिन आय हे हृदयाच्या स्नायूतलं प्रथिन. स्नायूच्या पेशींना इजा झाली की ते रक्तात झिरपतं आणि काही तासांत आकडा चढतो. एनटी-प्रोबीएनपी वाढतं ते हृदयाच्या भिंतींवर ताण आला की. एक जखम दाखवतं, दुसरं ओझं.

आमची मोती देशी. गेल्या पावसाळ्यात गोचीडताप झाला आणि चाळीचा जिना चढता चढता ती मधल्याच पायरीवर बसली. हिरड्या पांढऱ्याफटक, नाडी मधूनच चुकणारी. टॅक्सीत घालून परळच्या जनावरांच्या दवाखान्यात नेलं. तिथे ट्रोपोनिनच हवं होतं, कारण या तापात हृदयाच्या स्नायूलाही इजा होऊ शकते. पहिला आकडा चढा आला, दोन दिवसांनंतरचा उतरला. डॉक्टर बघत होते ते हे उतरणं. इजा कशामुळे झाली हे मात्र ट्रोपोनिन सांगत नाही. उष्माघात, पोटाला पीळ, गाडीची धडक, कशानेही ते वाढतं. मूत्रपिंडं थकलेली असतील तर दोन्ही आकडे उगाच फुगतात. आणि दुसरं सॅम्पल त्याच लॅबमध्ये द्या, दोन मशीनचे आकडे जुळत नाहीत.

शेजारच्या काकूंच्या पॉमेरेनियनची गोष्ट वेगळी. वय अकरा, रात्रीचा खोकला, स्टेथोस्कोप लावला की मर्मर, म्हणजे ठोक्यांमधली सरसर. लहान जातींत म्हातारपणी हृदयातली मायट्रल झडप गळू लागते. पण खोकला या झडपेमुळे की श्वासनलिकेमुळे? इथे एनटी-प्रोबीएनपी कामाचं. साधारण 900 पिकोमोल प्रति लिटरच्या खाली असेल तर हृदयावर संशय कमी, 1800 च्या वर गेलं तर बराच जास्त. मधल्या आकड्यांवर मी तरी पैज लावणार नाही.

मुंबईत एक पंचाईत आहे. ट्रोपोनिन आय माणसात आणि कुत्र्यात जवळपास सारखं, त्यामुळे माणसांची बरीच मशीनं ते वाचतात. एनटी-प्रोबीएनपीला कुत्र्यांचीच टेस्ट लागते, आणि सॅम्पल गरम झालं की आकडा खोटाच कमी येतो. काकूंचं पहिलं सॅम्पल भर दुपारी स्कूटरच्या डिकीतून बर्फाशिवाय गेलं. रिपोर्ट पाहून त्या पेढे आणायला निघाल्या होत्या. डॉक्टरांनी पुन्हा रक्त काढायला लावलं.

डॉबरमनला मात्र या दोन्हींवर सोडू नका, त्याला इको (हृदयाची सोनोग्राफी) आणि चोवीस तासांचा होल्टर (अंगावर बांधून ठेवायचा ईसीजी) हवाच. खोकणाऱ्या म्हाताऱ्या कुत्र्यासाठीही पैसे एकदाच काढायचे असतील तर मी एक्स-रे आणि इकोवर घालीन. फुकटातली तपासणी आहेच: गाढ झोपेत मिनिटाला किती श्वास घेतो ते मोजा, सतत तिसाच्या वर गेले तर फोन उचला. काकू रोज रात्री भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहितात. काल दुधाच्या हिशेबाखाली 24 होते.