1,39,950 रुपये, बोजा असलेली एक्सपल्स आणि 26 जानेवारीची एनओसी

कर्जाचा बोजा असलेली जुनी एक्सपल्स मोटारसायकल मी खोट्या एनओसीवर, म्हणजे कर्ज फिटल्याच्या खोट्या दाखल्यावर, विकत घेतली; पैसे गेले, गाडीही गेली. हे लिहायला मला जवळजवळ सात महिने लागले. लाज वाटत होती. कंपनीत आणि रायडिंग ग्रुपमध्ये सगळ्यांना सांगून बसलो होतो की गाडी विकून टाकली. पण गेल्या आठवड्यात ग्रुपमधल्या एका पोरानं जाहिरातीचा फोटो पाठवून विचारलं, "दादा, ही घेऊ का? स्वस्तात देतोय." गाडी वेगळी होती, नंबर झाकलेला होता. पण मागं मला फसवणाऱ्याकडचं तेच निळं शटर, आणि शटरच्या उजव्या कोपऱ्यातला तोच पोचा. माझ्या पोटात गोळाच आला. म्हणून आता सगळं लिहितोय.

माझ्याकडं आधी रॉयल एनफिल्डची हिमालयन 411 होती. हायवेला गाडी एकदम राजा, पण वजन जवळजवळ 200 किलो. साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या सड्यावर, म्हणजे पठारावर, पवनचक्क्यांच्या मधल्या कच्च्या वाटेवर, ऐन ऑगस्टात ती आडवी झाली. खाली शेवाळलेला कातळ, वर तांबडा चिखल, धुकं एवढं की दहा फुटांवरचं दिसेना, आणि मी एकटा. अर्धा-पाऊण तास झटलो. शेवटी म्हशी घेऊन चाललेल्या एका बाबांनी आणि त्यांच्या नातवानं हात लावला तेव्हा उठली. कंबरेत उसण भरून आठ दिवस घरी पडून होतो. तेव्हाच ठरवलं, पडली तर एकट्याला उचलता येईल अशीच गाडी घ्यायची.

शोधाशोध मी नीट केली होती, हे सांगायलाच पाहिजे, कारण आता जो तो म्हणतो की घाई केलीस. हिरोची इम्पल्स 134 किलोची, पण 2011 साली आलेली गाडी, कंपनीनं कधीच बंद केली, पार्टसाठी वणवण. कावासाकीची केएलएक्स 230 फक्त 139 किलोची, बघून जीव गेला, पण तेव्हा तिची शोरूमची किंमतच 3 लाखांच्या वर. कुणी तुम्हाला केएलएक्स 140 स्वस्तात देत असेल तर आधीच सावध व्हा: ती रस्त्यासाठी पासिंग न होणारी गाडी आहे, नंबर मिळणार नाही, पाणंदीपर्यंतसुद्धा टेम्पोत घालूनच न्यावी लागेल. राहता राहिली हिरोचीच एक्सपल्स 200 फोर व्हॉल्व्ह. वजन 158 किलोच्या आसपास, पुढं 21 इंची चाक, मागं 18, आणि सर्व्हिस कुठंही. त्यातलं प्रो मॉडेल मला हवं होतं, पुढचा सस्पेन्शन ट्रॅव्हल (खड्ड्यात चाक किती वर-खाली होतं ते) 250 मिमी, मागचा 220. सीट 891 मिमी उंच म्हणून बरेच जण टाळतात, मला अडचण नव्हती. नवी परवडत नव्हती, म्हणून वापरलेली.

जाहिरात सांगलीकडची होती. एमएच-10 पासिंग, मागणी 1,35,000. फोनवर 1,18,500 ला ठरली. गुरुवारी, 13 फेब्रुवारीला, 5,000 टोकन यूपीआयनं दिलं. रविवारी 16 तारखेला मित्राला घेऊन गेलो.

विकणारा माणूस तिशीचा. गुडघ्यापर्यंत चिखलाचे रायडिंग बूट दारात ठेवलेले. तापोळ्याकडची लाल माती, बामणोलीकडची वाट, पावसात कुठं गाडी घालायची नाही, सगळं त्याला तोंडपाठ. मी काही विचारायच्या आत तोच खाली बसला, पुढच्या चाकाच्या डाव्या फोर्कच्या (शॉकअपच्या) नळीवरून बोट फिरवलं आणि तेलानं चकचकणारं बोट माझ्यासमोर धरलं. "दादा, हे ऑइल सील गेलंय. आधीच सांगतो, नंतर शिव्या नकोत. त्याचे 1,000 कमी करायचे तर करा." आता सांगा, स्वतःच्या मालातला दोष स्वतः दाखवणाऱ्या माणसावर कोण संशय घेईल? मी ते 1,000 कमीसुद्धा केले नाहीत. उलट मलाच बरं वाटलं की आपल्यातला माणूस भेटला.

गाडी मी पूर्ण तपासली. स्पोक वाजवून बघितले, रिम फिरवून बघितली, हँडल डावी-उजवीकडं नेऊन बेअरिंग अडकतंय का बघितलं, इंजिनखालची प्लेट चेपलीय का ते आडवा पडून बघितलं. चासी नंबर आरसीशी जुळवला. ट्रेल मारलेल्या गाडीत जे बघायचं ते सगळं बघितलं. गाडीत खोट नव्हतीच. खोट कागदात होती, आणि कागद मी पाच मिनिटांत उरकला.

आता तो क्षण, जो मला आजही रात्री झोपू देत नाही. मी तिथं उभं राहून एमपरिवहन या सरकारी ॲपवर नंबर टाकला. स्क्रीनवर फायनान्स कंपनीचं नाव आलं. आलं होतं, मी माझ्या डोळ्यांनी वाचलं. मी म्हणालो, "बोजा दिसतोय की." तो जराही बिचकला नाही. म्हणाला, "लोन क्लिअर झालंय दादा, एनओसी आणि बोजा उतरवायचा फॉर्म 35 आलाय, आरटीओला चढवायचं तेवढं राहिलंय. ट्रान्सफरसोबतच तुम्ही काढून घ्या, दोनदा हेलपाटा कशाला?" हे निम्मं खरं असतं हो! हप्ते फिटले तरी अर्ज करून बोजा उतरवेपर्यंत रेकॉर्डला फायनान्सरचं नाव राहू शकतं. मला हे माहीत होतं. माहीत होतं म्हणूनच फसलो. काहीच माहीत नसतं तर घाबरून निघून तरी आलो असतो.

एनओसी त्यानं प्लॅस्टिकच्या फोल्डरमधून काढून दिली. लेटरहेड, निळा गोल शिक्का, सही, गाडीचा नंबर बरोबर. तारीख 26/01/2025. प्रजासत्ताक दिन, त्यात रविवार. त्या दिवशी कुठली शाखा एनओसी देते? तो कागद दोन महिने माझ्या कपाटात होता आणि ती तारीख मी वाचली नव्हती. कागद हातात आला की शिक्का नंतर बघा, आधी तारीख वाचा.

60,000 यूपीआयनं दिले आणि 53,500 रोख. रोख का, तर म्हणाला घरमालकाचं डिपॉझिट द्यायचंय. पावती घेतली नाही. मित्र म्हणाला होता, "लिहून घे," मी त्यालाच गप्प केलं. त्यानं गाडी नावावर करायच्या फॉर्म 29 आणि 30 वर सह्या करून दिल्या, आधारची झेरॉक्स दिली, दोन्ही चाव्या दिल्या. येताना मी पेठ नाक्यावर थांबून त्याला थँक्यूचा मेसेज टाकला.

मग पुढचे दोन महिने मी त्या गाडीवर पैसे घालत राहिलो. बटणाचे टायर दोन्ही मिळून 9,400, हँडगार्ड आणि बॅशप्लेट (इंजिनखालची प्लेट) 4,200, चेन-स्प्रॉकेट आणि ऑइल सील 5,350. ट्रान्सफरसाठी एजंटला 2,500. एजंट पहिल्या आठवड्यातच म्हणाला, "बोजा उतरल्याशिवाय पुढं सरकणार नाही, आणि मूळ मालकाच्या मोबाइलवर ओटीपी येतो, त्याला फोन लावा." फोन लावला की "सोमवारी देतो", "मी बेंगळुरूला आहे", "सिम बदललंय". ही दुसरी घंटा. तीही मी ऐकली नाही, कारण गाडी माझ्या दारात होती आणि मी दर रविवारी सड्यावर. ओटीपी देताना टाळाटाळ सुरू झाली की त्याच दिवशी ठाण्यात अर्ज द्या, मी दिला नाही.

27 एप्रिल, रविवार, सकाळी सात. ठोसेघरच्या रस्त्याला चहाला थांबलो होतो. दोन मोटारसायकलींवर चौघे आले. त्यातल्या एकानं मोबाइलमध्ये नंबर बघितला आणि सरळ चावीला हात घातला. मी ओरडलो तेव्हा फायनान्स कंपनीचं पत्र दाखवलं: सहा हप्ते थकलेत, येणे बाकी 1,21,640. चहाच्या टपरीवर सगळे माझ्याकडं हप्ता बुडवणारा म्हणून बघत होते. मी हेल्मेट हातात घेऊन टमटमनं साताऱ्याला आलो.

दुसऱ्या दिवशी फायनान्स कंपनीच्या शाखेत गेलो. एनओसी बघून तिथला पोरगा म्हणाला, "ही आमची नाही. आणि तुम्ही आमचे कस्टमर नाही, जास्त माहिती देता येत नाही." मी म्हणालो, तुमच्या नावाचं खोटं लेटरहेड वापरलंय, तुम्ही तक्रार करा. "वरून मेल आला की बघू." सात महिन्यांत त्यांचा मेल आलेला नाही. गाडी हवी तर 1,21,640 भरा, एवढं मात्र लगेच सांगितलं. एकाच गाडीला मी दोनदा पैसे भरायचे!

आणि पोलीस. माझ्या हद्दीतल्या ठाण्यात गेलो तर "व्यवहार तिकडं झालाय, तिकडं जा." तिकडं गेलो तर "गाडी तुमच्याकडून नेली ना, मग तिकडं जा." मी सांगितलं की भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 प्रमाणं दखलपात्र गुन्ह्याची तक्रार कुठल्याही ठाण्यात घ्यावी लागते, हद्द आड येत नाही. ड्युटीवरचा माणूस म्हणाला, "वकील आहात का?" फसवणुकीला आता जुन्या 420 ऐवजी भारतीय न्याय संहितेचं कलम 318(4) लागतं, सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे, हेही मी कागदावर लिहून नेलं. कागद टेबलावरच राहिला. "हा दिवाणी मॅटर आहे. तुम्ही स्वतःच्या पायानं जाऊन पैसे दिलेत, मग फसवणूक कसली?" खोटा शिक्का, खोटी सही, खोटी एनओसी, आणि हे दिवाणी? गाडी उचलल्याची वसुलीवाल्यांची नोंद त्याच ठाण्यात त्याच दिवशी झाली होती, रजिस्टरमध्ये मी बघितली. माझा मात्र नुसता अर्ज. अकरा चकरा झाल्या. सहा दिवस रजा गेली. एकदा सकाळी दहापासून दुपारी चारपर्यंत बाकड्यावर बसवलं आणि "साहेब बंदोबस्ताला गेलेत" म्हणून परत पाठवलं. चोरासारखं मी बसायचं, आणि चोर नव्या गाडीचे फोटो टाकतोय! शेवटी कलम 173(4) खाली अधीक्षकांना रजिस्टर पोस्टानं अर्ज पाठवलाय, पोच जपून ठेवलीय. तुमची तक्रार घेतली नाही तर वाट बघत बसू नका, पहिल्याच आठवड्यात हे करा. मी चार महिने उगाच घालवले.

ज्या पोरानं फोटो पाठवला त्याला मी एकच सांगितलं: विकणाऱ्याला घेऊन त्याच्या फायनान्सच्या शाखेत जा, तुझ्यासमोर लोन खातं बंद असल्याचं बघ, बोजा उतरलेली आरसी ऑनलाइन दिसेपर्यंत टोकनसुद्धा देऊ नको. तो येत नाही म्हणाला तर फोन ठेव. पोरानं तसं विचारलं, आणि पलीकडून लगेच ब्लॉक झाला. त्या चॅटचे स्क्रीनशॉट मी अर्जाला जोडलेत.

तपासाला कुणी बोलावलं तर 60,000 आणि 5,000 च्या एंट्री दाखवता येतील. 53,500 चा पुरावा माझ्याकडं नाही, सोबत आलेला मित्र साक्ष द्यायला तयार आहे तेवढाच. त्यातले 40,000 बायकोच्या भिशीचे होते, 20 महिन्यांची, महिना 2,000, तिनं फेब्रुवारीत माझ्यासाठी उचलली होती. दर महिन्याच्या 10 तारखेला ती न बोलता पैसे काढून ठेवते. अजून पाच हप्ते आहेत.